डोंगल कुणाच्या खिशात?

प्रश्न : पुण्याचा महापौर कोण होणार यावर आमच्या हायवेच्या टपरीवर तासन्‌तास गप्पा रंगतात. आम्हाला मात्र सरपंच. निवडणूक आली की पॅनेलांची पत्रकं घरात येऊन पडतात : हायवेला भुयारी मार्ग, कालव्याला वेळेवर पाणी, बिबट्याचा बंदोबस्त, घरोघरी नळ, पाणंद रस्ते. यातलं सरपंचाच्या हातात नेमकं किती असतं? आणि उमेदवार दारात आल्यावर त्याला विचारायचं तरी काय?
– एक वाचक, कासुर्डी, ता. दौंड

उत्तर : तालुका लिहिलात ते बरं केलंत, कासुर्डी भोर तालुक्यातही आहे.

आधी महापौरांचं पाहू, म्हणजे सरपंचाची किंमत कळेल. पुण्याच्या महापौरांना नगरसेवक निवडतात, तेही अडीच वर्षांसाठी. ते सर्वसाधारण सभा चालवतात, शहराचे प्रथम नागरिक म्हणून मिरवतात. पण 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाने कारभार सोपवलाय आयुक्तांवर, आणि आयुक्त नेमतं सरकार. तुमच्याकडे उलट आहे. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 38 प्रमाणे पंचायतीचे कार्यकारी अधिकार सरपंचाकडेच असतात. शिवाय तो थेट तुमच्या मतावर निवडून येतो. ही पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि सरकार बदलल्यावर 2022 मध्ये परत आली. तेव्हा टपरीवर महापौरांवर घालवलेला वेळ थोडा कमी करायला हरकत नाही. सरपंच त्यांच्याहून मोकळ्या हाताचा आहे. तिजोरी तेवढी लहान.

आता पत्रक घ्या. पुणे–सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या कित्येकांना कासुर्डी ठाऊक झाली ती टोलनाक्यामुळे. टोल किती घ्यायचा हे जसं गावाच्या हातात नव्हतं, तसाच भुयारी मार्गही नाही. तो राष्ट्रीय महामार्ग 65 आहे. तिथला पूल, भुयार, सर्व्हिस रोड सगळं महामार्ग सांभाळणाऱ्या यंत्रणेचं. सरपंच ठराव करील, निवेदन देईल, खासदारांना भेटेल. भेटावंच. पण 'भुयारी मार्ग करणार' आणि 'भुयारी मार्गासाठी भांडणार' यांत फरक आहे, आणि पत्रक छापताना तो नेमका गळतो.

कालव्याचं तर त्याहून लांब. खडकवासल्याच्या नव्या मुठा उजव्या कालव्याचं आवर्तन कालवा सल्लागार समितीत ठरतं. तिथे पुण्याच्या पिण्याचं पाणी आधी, मग दौंड–इंदापूरची ओढाताण. सरपंचाला तिथे खुर्ची नसते. बिबट्या वनखात्याचा, त्याला पकडायलाही वन्यजीव विभागाच्या वरिष्ठांची परवानगी लागते. उसाच्या फडाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवे लावणं आणि वस्तीजवळचा उकिरडा हलवणं मात्र पंचायतीचं काम, आणि त्याचा उपयोग भाषणापेक्षा जास्त होतो. घर बांधायचा नकाशा मंजूर करून देतो असं कुणी म्हणालं, तर तुमचं गाव पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे का ते आधी बघा. दौंड आणि शिरूर तालुक्यांचा काही भाग त्या हद्दीत आहे, आणि तिथे परवानगी पीएमआरडीएच देते.

पाणंद रस्त्याची गोष्ट वेगळी. अडवलेली वाट मोकळी करायचा अधिकार तहसीलदारांचा, मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली. पण तिथवर प्रकरण गेलं की बांधाला बांध लागून असलेल्या दोन भावक्या वर्षभर बोलत नाहीत. दोघांना पारावर बसवून, मोजणीचा नकाशा पुढे ठेवून, दोन्हीकडून चार-चार फूट सोडायला लावणारा सरपंच मी मोठा मानतो. त्याला एक रुपया खर्च येत नाही.

पैशाचं विचाराल तर गावात बोलल्या जाणाऱ्या आकड्यांपासून सुरुवात करू. 'पंचवीस-पंधरातून' झालेला काँक्रीट रस्ता म्हणजे ग्रामविकास खात्याच्या 2515 या लेखाशीर्षातला, तोही लोकप्रतिनिधींनी सुचवलेला. स्मशानभूमीची शेड बहुधा जनसुविधेतून. ही कामं सरपंच आणतो, करत नाही. कोनशिलेवर नाव कुणाचंही असो.

गावाचा स्वतःचा म्हणावा असा मोठा पैसा वित्त आयोगाचा. पंधराव्या आयोगाच्या नियमानुसार 2021–22 पासून 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे निम्मी पाण्याला आणि निम्मी स्वच्छतेलाच. उरलेले 40 टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार भागवता येत नव्हते. समजा, वर्षाला दहा लाख आले. तीन लाख पाण्याचे, तीन लाख गटारं-कचऱ्याचे, आणि पॅनेलच्या मनासारखे करायला चारच लाख. पत्रकातली चौदा कामं या चारात बसवून दाखव म्हणावं.

हा पैसा निघतो कसा, तेही माहीत असू द्या. पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या सह्या लागायच्या. आता पेन ड्राइव्हएवढी एक काडी असते, तीत डिजिटल सही. गावोगाव तिला 'डोंगल' म्हणतात. सरपंचाचं डोंगल आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (ग्रामसेवकाचं नवं नाव) डोंगल, दोन्ही लागल्याशिवाय रक्कम हलत नाही. ते कुणीतरी 'सोयीसाठी' ठेवून घेतं. कधी ठेकेदाराचा माणूस, कधी सरपंचबाईंचे यजमान. निम्मी पदं महिलांना राखीव आहेत, पण डोंगलला आरक्षण नाही. तेव्हा उमेदवाराला पहिला प्रश्न हाच : निवडून आल्यावर डोंगल कुणाच्या खिशात राहणार?

दुसरा प्रश्न घरपट्टीचा, आणि तो विचारताना आपलीच जीभ अडखळते. हायवेलगतच्या गावांत हॉटेलं, गोदामं, गुंठ्या-गुंठ्याची घरं वाढली. ती सगळी नमुना 8 च्या नोंदवहीत चढली आहेत का? चढली असतील तर वसुली किती? निवडणुकीच्या वर्षात वसुलीला जायचं नाही हा अलिखित नियम सगळ्यांना सोयीचा. 'घरपट्टी वाढवणार नाही' म्हणणाऱ्याला टाळ्या पडतात, पण पाण्याच्या मोटरचं वीजबिल त्या टाळ्यांतून भरलं जात नाही. जलजीवनची टाकी उभी राहिली, माणशी रोज 55 लिटरचा हिशेब कागदावर बसला. पुढे मोटर जळली, व्हॉल्व्ह गळला, टीसीएल पावडर संपली की खर्च पाणीपट्टीतून. तो खर्च कुणी पत्रकात छापत नाही.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोद्याला भास्करराव पेरे पाटलांनी करवसुलीसाठी साधी युक्ती केली : कर भरणाऱ्याला गिरणीत दळण फुकट. पोपटराव पवारांच्या हिवरे बाजाराची वाट कठीण होती. तिथे पाण्याचा ताळेबंद मांडून ऊस-केळीसारख्या तहानलेल्या पिकांना गावानेच नको म्हटलं. आपल्या ऊसपट्ट्यात हे पत्रकात छापणारा उमेदवार पडेल, हे मीही जाणतो. पण दळणाची युक्ती उचलायला काय हरकत आहे?

तिसरा प्रश्न ग्रामसभेचा. वर्षाला किमान चार व्हायला हव्यात. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. शंभर माणसं जमली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. मग पंधरा-वीस जण बसून वर्षाचा आराखडा मंजूर करतात, आणि रजिस्टर नंतर घरोघरी फिरतं. सही मागायला आलेल्या शिपायाला परत पाठवणं ही विरोधी पॅनेलला मत देण्याइतकीच मोठी गोष्ट आहे. दिव्यांगांसाठी पंचायतीच्या उत्पन्नातले 5 टक्के राखून ठेवलेले असतात. ते कशावर खर्च झाले, हे सभेत एकदा उभं राहून विचारा आणि व्यासपीठावरचे चेहरे बघा.

गावाचा मंजूर आराखडा आणि कामांवर झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, मोबाइलवर दहा मिनिटांचं काम. आधी ते काढा आणि टपरीवर मोठ्याने वाचा. पत्रक त्यानंतर.