वरळीची लढत : एका गुणाचा हिशेब

गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन मुष्टियुद्ध स्पर्धेत मी पहिल्याच लढतीत हरलो. डोके खाली घालून पुढे घुसल्याबद्दल दुसऱ्या फेरीत मला ताकीद मिळाली आणि एक गुण गेला. निकाल 3-2 असा लागला. घरी आल्यावर वडिलांनी माझा चेहरा निरखून पाहिला. ते कळंबोलीच्या लोखंड बाजारात माथाडी आहेत. "तोंडावर तर काय दिसत न्हाई. मग हरलास कसा रं?" त्यांनी विचारले. मला नीट सांगता आले नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिकणाऱ्या मुलाला एवढेही समजावून देता येऊ नये, याची मला लाज वाटली. प्रस्तुत लेखाचा उगम हा असा आहे.

वडिलांना समजेल असे उदाहरण शोधताना 5 ऑगस्ट 2017 ची लढत आठवली. वरळीच्या एनएससीआय सभागृहात विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली समोरासमोर उभे होते. मी तेव्हा सहावीत होतो. वरळी पनवेलपासून काही परदेशात नाही, पण तिकीट काढून जाणे आमच्या ऐपतीतले नव्हते. शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर अर्धी चाळ बसली होती.

विजेंदर 31 वर्षांचा, 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचा मानकरी. 2015 साली तो व्यावसायिक झाला आणि पुढच्याच वर्षी दिल्लीत केरी होपला हरवून डब्ल्यूबीओचा आशिया-पॅसिफिक पट्टा त्याने मिळवला. झुल्पिकार अवघा 23 वर्षांचा. त्याच्याकडे त्याच संघटनेचा ओरिएंटल पट्टा. दोन्ही पट्टे पणाला लागलेले आणि फेऱ्या दहा. शिवाय झुल्पिकार डावखुरा. वाचकहो, हे डावखुरेपण साधे नव्हे. माणसाचे यकृत उजव्या कुशीत असते आणि डावखुऱ्याचा जोरकस हात नेमका त्या बाजूला येतो. तिथे बसलेल्या ठोशाने भलेभले गुडघ्यावर येतात. मात्र असा ठोसा वीतभर घसरला की कमरपट्ट्याखाली जातो आणि तो नियमभंग ठरतो.

तसेच घडले. पट्ट्याखालच्या ठोशांबद्दल झुल्पिकारला समज मिळाली आणि पुढे त्याचा एक गुण कापला गेला. दहा फेऱ्यांनंतर तिन्ही पंचांनी विजेंदरला विजयी ठरवले : 96-93, 95-94, 95-94. चाळीत एकच जल्लोष झाला. आकड्यांकडे कोणी पाहिले नाही, मीही नाही.

आता ते आकडे पाहू. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण आणि हरणाऱ्याला बहुधा 9. खाली पडला तर 8. म्हणजे कोणी न पडता दहा फेऱ्या झाल्या तर दोघांची बेरीज 190 व्हायला हवी. इथे तिन्ही पत्रिकांची बेरीज 189 भरते. कमी पडलेला गुण तो कापलेला गुण. तो परत मिळवून पाहिला तर पहिल्या पंचाकडे 96-94 आणि उरलेल्या दोघांकडे 95-95! दोन पंचांच्या मते दोघांनी पाच-पाच फेऱ्या जिंकल्या होत्या. तीनपैकी दोघे बरोबरी म्हणतात तेव्हा सामना बरोबरीत सुटतो. एकमताचा विजय असे आपण ज्याला म्हणालो, तो त्या एका गुणावर उभा होता. हे गणित मांडताना मी दोनदा ताळा करून पाहिला.

याचा अर्थ विजेंदर खोटा जिंकला असा नव्हे. नियम दोघांनाही ठाऊक होता आणि दमल्यावरही हात कमरेच्या वर ठेवणे हेसुद्धा कौशल्यच आहे. वयस्क खेळाडूला तरुणाइतका दम नसतो. शिस्त मात्र त्याच्या अंगवळणी पडलेली असते. सगळ्याच ज्येष्ठांची वाट ही नसते म्हणा. 1994 साली 45 वर्षांचा जॉर्ज फोरमन 26 वर्षांच्या मायकेल मूररविरुद्ध उभा राहिला. मूररही डावखुरा. तिन्ही पत्रिकांवर फोरमन मागे होता. दहाव्या फेरीत त्याने उजव्या हाताने मूररला आडवे केले आणि गुणांचा प्रश्नच संपवला. तसा हात मात्र लाखात एखाद्याचा.

वरळीच्या सामन्यानंतर विजेंदरने, सीमेवर शांतता नांदावी म्हणून आपण हा पट्टा परत द्यायला तयार आहोत, असे जाहीर केले. डोकलामचा तणाव तेव्हा चालू होता. वर्तमानपत्रांत गाजले ते हेच. गुणपत्रिका मागे राहिली.

हा सगळा हिशेब मी पाटकोऱ्या कागदावर मांडून वडिलांना दाखवला. त्यांनी बोट ठेवत ठेवत बेरजा पाहिल्या. "म्हंजी त्यो चीनचा पोरगा बी मार खाऊन हरला न्हाई," ते म्हणाले. मी हो म्हटले. कागदाची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली आणि विचारले, "आणि तुझ्या लढतीचा कागद कुठाय?"

तो मी अजून मांडलेला नाही.