खेडच्या कातळाखाली तेल असेल का?

मृणाल : सर, उपग्रहाच्या चित्रात कोकणातल्या खेडच्या आसपास लांबच लांब सरळ रेघा दिसतात. गावात गरम पाण्याचा झराही आहे. म्हणजे भेगा खोलवर गेल्या आहेत. मग इथे तेल का शोधत नाहीत?

सर : भेगांचा तर्क बरोबर आहे. उन्हवरे, खेड, तुरळ, राजवाडी हे झरे किनाऱ्याला साधारण समांतर पट्ट्यात आहेत. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, तापतं आणि वर येतं. पण भेग म्हणजे नुसती वाट. तेल साठायला आधी सेंद्रिय गाळाचा खडक पुरेसा तापावा लागतो, मग ते सामावून घेणारा सच्छिद्र खडक हवा, वर अभेद्य थर हवा, आणि थरांना तेल अडेल असा बाक किंवा भ्रंश हवा. झाकण फुटलं, तर तीच भेग तेल बाहेर घालवते. खेडचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात तेल जन्मत नाही.

मृणाल : पण लाव्हाच्या खाली जुना गाळ दडला असेल तर? सौराष्ट्रात तसा सापडला आहे ना?

सर : सापडला आहे, म्हणून हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. मात्र सह्याद्रीपलीकडे कोयनेला भूकंपांच्या अभ्यासासाठी विंधन केलं, तेव्हा 933 मीटर बेसाल्टखाली थेट ग्रॅनाइटी खडक लागला, मधे गाळ नव्हता. एका विवरावरून सगळ्या कोकणाचा निर्णय होत नाही, हे खरं. पण उपग्रहाच्या चित्रावरून तर मुळीच होत नाही, कारण ते जमिनीचा वरचा पापुद्राच पाहतं. त्यातली रेघ भ्रंशाची असेल, डाइकची, म्हणजे भेगेत घुसून गोठलेल्या लाव्हाच्या भिंतीची, असेल किंवा जुन्या गडग्याचीही. म्हणून ती जागेवर जाऊन तपासावीच लागते.

मृणाल : मग उपग्रहाचा उपयोग काय?

सर : शोधाचं क्षेत्र आवळायला. भ्रंशांची दिशा कळली की भूकंपीय सर्वेक्षणाच्या रेषा कुठून न्यायच्या ते ठरवता येतं. उपग्रहावरचं रडार समुद्रावरचा तेलाचा तवंगही टिपतं. मुंबई हाय या तेलक्षेत्राचा उंचवटा मात्र किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर, समुद्रतळाखाली गाडलेला. तो भूकंपीय लहरींनी दाखवला, आणि 1974 मध्ये 'सागर सम्राट' या विंधन-मंचाच्या विंधनात तिथे तेल लागलं. त्याचा मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे. खेडच्या जमिनीवर तेलासाठी विंधन करावं, असा पुरावा आज नाही. गाळाचे जाड थर आहेत ते रत्नागिरीसमोरच्या समुद्रात, आणि तेलाचा शोध तिथेच घ्यायला हवा.