पदवी नाही, पण काम येतं

बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी कॉलेजला जाणार नाही म्हटलं, की आईवडिलांची झोप उडते. पदवीशिवाय नोकरी कोण देणार? ज्याला काम करून हवं आहे, तो देतो. मात्र काम येतं, हे त्याच्यासमोर करून दाखवावं लागतं.

चाकण, वाळूज, सातपूर या पट्ट्यांत फिटर-मशिनिस्टची निवड कशी होते ते समजून घ्या. उमेदवारापुढे ड्रॉइंग ठेवतात. मायक्रोमीटरने माप घ्यायला लावतात. टॉलरन्स किती, सीएनसीवर ऑफसेट का बदलायचा, हे विचारतात. वेल्डरकडून जोड करून घेतात आणि तो वाकवून तपासतात. तिथे नुसतं बी.ए.चं प्रमाणपत्र घेऊन गेलेला मुलगा गप्प उभा राहतो, आणि दोन वर्षं मन लावून आयटीआय केलेली मुलगी काम सुरू करते.

सॉफ्टवेअरमध्येही हे घडतं. चेन्नईची झोहो कंपनी सुमारे 2005 पासून बारावी आणि पदविका झालेल्या मुलांना निवडून शिकवते. फी घेत नाही, उलट विद्यावेतन देते आणि तयार झालेल्यांना आपल्याच कामावर घेते.

आता पालकांनी नीट लक्ष द्यावं अशी गोष्ट. आयटीआयनंतर खरा हात बसतो तो अप्रेंटिसशिपमध्ये. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली 30 किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. मुदत संपल्यावर परीक्षा होते आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र मिळतं. रेल्वेत पहिल्या स्तराच्या भरतीत तर रेल्वेकडेच अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी 20 टक्के जागा राखीव असतात.

पण ‘ट्रेनी’ म्हणून बोलावून वर्षभर माल उचलायला लावणाऱ्या जागाही आहेत, आणि त्यात पोरांची उमेदीची वर्षं वाया जातात याचा मला फार राग येतो. म्हणून रुजू होण्याआधी विचारा: करार सरकारी पोर्टलवर नोंदवला आहे का? कोणत्या ट्रेडचा? शिकवणार कोण? उत्तरं गुळमुळीत असतील तर तिथे जाऊ नका.

काही दारं पदवीशिवाय बंदच आहेत, हेही मुलांना आधीच सांगायला हवं. एमपीएससीची राज्यसेवा, वकिली, डॉक्टरकी, तिथे हाताचं कौशल्य पुरणार नाही. कारखान्यातही एका टप्प्यानंतर बढतीला पदविका किंवा पदवी मागतात. मात्र वाट तिथे संपत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्याही दुसऱ्या वर्षाला. नोकरी करत पदवी घ्यायची तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. पगार सुरू झाल्यावर, स्वतःच्या पैशाने घेतलेली पदवी मुलं जास्त मनापासून पूर्ण करतात, असं माझं मत आहे.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी मुलाला घेऊन जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये जाऊन या. यंत्रं चालू आहेत का ते बघा, निदेशकांशी बोला आणि गेल्या वर्षीची मुलं सध्या कुठे कामाला आहेत, हे त्यांना विचारा.