चकवा लागला तर

सह्याद्रीत माणूस फसतो तो बहुधा ढोरवाटेवर. मळलेल्या वाटेसारखीच दिसते ती. अर्धा तास सुखाने चालवते आणि कारवीत विरून जाते. मागे वळावं, तर तशाच चार वाटा.

फिरून फिरून पुन्हा त्याच झाडापाशी येणं, यालाच गावाकडे चकवा लागणं म्हणतात. ते खोटं नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं होतं. 2009 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: सूर्य किंवा चंद्र दिसतो तोवर माणूस सरळ चालतो, तो झाकला की गोल फिरतो आणि त्याला ते कळतही नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या पठारावर धुकं उतरलं की हेच होतं.

म्हणून वाट चुकल्याची शंका येताच खाली बसा. पाणी प्या. दहा मिनिटं काहीही ठरवू नका. ‘मी पुढे जाऊन बघून येतो’ म्हणणाऱ्याला तर अजिबात सोडू नका; एक चुकलेला गट शोधणं सोपं, दोन ठिकाणी पांगलेला कठीण. शेवटची ओळखीची खूण नक्की आठवत असेल तरच मागे फिरा.

ओढ्याच्या कडेने उतरलं की गाव लागतं, हा सल्ला सह्याद्रीत जिवावर बेततो. इथले ओढे कातळाच्या पायऱ्यांवरून कोसळत उतरतात. पहिला टप्पा घसरत उतराल, दुसरा पन्नास फुटांचा निघेल आणि मग पहिला परत चढता येणार नाही. ओढ्यापेक्षा धार बरी. तिथून आजूबाजूचं दिसतं, फोनला रेंजही मिळू शकते. 112 लावा. कॉल लागला नाही तर मेसेज जातो का पाहा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. अक्षांश-रेखांश लिहून मेसेज तयार ठेवा.

शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात हवी. मिनिटाला सहा वेळा वाजवा, मिनिटभर थांबा, पुन्हा सहा. रात्री टॉर्चने हेच करा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं.

डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, झाडीत त्याआधीच अंधारतं. मग हलू नका. कड्यापासून आणि ओढ्याच्या पात्रापासून दूर बसा, कोरडे कपडे चढवा. कड्याजवळ धूर करू नका, तिथे आग्या मोहोळं असतात.

निघण्यापूर्वी घरी लिहून ठेवा: कुठून चढणार, कुठून उतरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर शोध सुरू करायचा. आयत्या वेळी वाट बदललीत, तर निदान पायथ्याच्या गावात तेवढं सांगून जा.