मनाची वही
(उपासक-उपासिकांसाठी अभ्यासपाठ)



आपल्या बहुतेक घरांत हिशेबाची वही असते. किराणा, दूध, मुलांची फी, बचत गटाचा हप्ता तिच्यात लिहिलेला असतो. पण दिवसभरात मनाने काय सोसले आणि ते कोणावर काढले, याचा हिशेब कोण ठेवतो? ठेवला नाही म्हणून तो मिटत नाही. झोप उडते, डोके धरते, कोणी दारूकडे वळतो, कोणी बायकामुलांवर ओरडतो. म्हणून या पाठात रोजनिशीचा विचार करू.

प्रथम माझीच चूक सांगतो. मी शिक्षक आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत एक सहकारी सर्वांदेखत म्हणाला, 'तुम्हाला काय, तुमची जागा ठरलेलीच असते.' सगळे हसले. मीही हसलो. पुढच्या तासाला एका मुलाने वही आणली नव्हती. मी त्याच्या थोबाडीत मारली.

रात्री झोप येईना. उठून एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर लिहिले, 'मला त्या मुलाचा राग आला.' ते खोडले. 'सहकाऱ्याचा राग आला.' तेही पुरे वाटेना. शेवटी लिहिले, 'मी हसलो, याची मला लाज वाटली.' ते वाक्य समोर पाहिले तेव्हा कळले, त्या मुलाचा यात काडीचाही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. पुढे सहकाऱ्याशीही बोललो, आवाज न चढवता, पण स्पष्ट.

ही गोष्ट धम्माला नवी नाही. मज्झिम निकायातील अंबलट्ठिका राहुलोवाद सुत्तात भगवान बुद्ध राहुलाला आरशाचा दाखला देतात. आरसा पाहण्यासाठी असतो. तसे आपले कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पाहावे. कायेने वा वाचेने दुसऱ्याला दुःख दिले असेल तर ते जाणत्या माणसाजवळ उघड करावे आणि पुढे संयम राखावा. सतिपट्ठान सुत्तात चित्तानुपस्सना आहे. चित्तात द्वेष असेल तर 'द्वेष आहे' असे जाणणे, नसेल तर 'नाही' असे जाणणे. येथे एक शब्द नीट ध्यानात घ्या. पालीत 'राग' म्हणजे आसक्ती. आपण ज्याला राग म्हणतो तो पालीतला 'दोस'. सुत्त लिहायला सांगत नाही, पाहायला सांगते. पण आपल्यासारख्या धावपळीच्या संसारी माणसाला लिहिल्याने पाहणे सोपे जाते.

बाबासाहेबांनीही आपले अपमान लिहून ठेवले. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली, त्यांना गाडीवाला मिळेना, रात्रभर प्यायला पाणी मिळेना. हा प्रसंग त्यांच्या टिपणांत आहे. ती 1990 साली पुस्तकरूपाने निघाली. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिले. त्यांचे 'जिणं आमुचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले. आपल्याला पुस्तक काढायचे नाही, पण लपवून का होईना लिहिता येते, हा धडा घ्यायचा आहे.

विज्ञान काय म्हणते? अमेरिकेत पेनेबेकर व बील यांनी 1986 साली 46 विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायचे. ज्यांनी आयुष्यातला जबर आघात आणि त्याविषयीच्या भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिल्यावर लगेच अधिक वाईट वाटले. परंतु पुढील सहा महिन्यांत त्यांना दवाखान्यात कमी वेळा जावे लागले. नंतर असे पुष्कळ प्रयोग झाले. सरासरीने फायदा दिसतो, पण तो लहान आहे. म्हणून लेखनाला मंत्र वा ताईत समजू नका. ते एक साधन आहे.

लिहावे कसे? चार प्रश्न पुरेत.

1) काय घडले? जसेच्या तसे, कोण, कोठे, काय बोलले.
2) मनात काय आले आणि अंगात काय झाले? छाती धडधडली, घसा कोरडा पडला, तेही लिहा.
3) मी काय केले? ते कोणाला लागले?
4) उद्या एक कोणती गोष्ट करीन?

शुद्धलेखनाची चिंता नको. आपल्या घरच्या बोलीत लिहा. आईला लिहिता येत नसेल तर तिने सांगावे आणि तिच्या विश्वासातल्या माणसाने लिहावे. तिचे वाक्य सुधारू नये. दुसऱ्याची वही विचारल्याशिवाय उघडू नये. नवऱ्याने बायकोची नाही, आईबापांनी वयात आलेल्या मुलीची नाही. हेही शीलच आहे.

आणखी एक सावधगिरी. तेच दुःख रोज उगाळले जात असेल आणि मन अधिकच खचत असेल, तर वही मिटा व माणसाशी बोला. झोप, भूक दोन आठवडे बिघडली असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर लगेच डॉक्टर गाठा. सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे आणि रात्रंदिवस चालू असतो. यात कमीपणा नाही. आणि अन्याय झाला असेल तर तो वहीत पुरून ठेवायचा नाही. तारीख-वार लिहिलेले पान उद्या तक्रारीलाही उपयोगी पडते.

या पंधरवड्याचा अभ्यास : रात्री त्रिशरण-पंचशील झाल्यावर चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे लिहा. पाचव्या दिवशी वाचा. कोणाची माफी मागायची राहिली आहे आणि कोणाला ठामपणे 'हे चालणार नाही' असे सांगायचे राहिले आहे, ही दोन नावे वेगळी काढा. पहिले काम त्याच आठवड्यात करा. दुसऱ्याला थोडा वेळ लागला तरी चालेल, पण ते सोडू नका.

जय भीम!