जुना लॅपटॉप गटात आणताय? आधी झाडून-पुसून घ्या



गेल्या वर्षभरात आपल्या बऱ्याच गटांनी आणि ग्रामसंघांनी जुने, म्हणजे सेकंडहँड लॅपटॉप घेतले. नवा परवडत नाही, कामं तर वाढली आहेत. कर्जाचे हप्ते, मसाल्याच्या ऑर्डरी, प्रस्ताव, फोटो, अहवाल हे सगळं सांभाळायचं तर जुना लॅपटॉप घेणं चुकीचं नाही. पण घरी आणून थेट वापरायला सुरुवात करणं मात्र चुकीचं आहे.

हे मला एका गटाच्या बैठकीत कळलं. ताईंनी हौसेनं लॅपटॉप उघडला. पाहतो तर काय, आधीच्या मालकाच्या घरच्या बारशाचे फोटो, पॅन कार्डाची प्रत, बँकेचं स्टेटमेंट सगळं आत तसंच. त्याचा ई-मेलसुद्धा उघडाच होता. सगळ्या हसल्या. पण कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "पोरी, उद्या आपण हा विकला तर आपले आधार कार्ड पण असेच कुणीतरी बघंल का?" बैठक एकदम गप्प झाली. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे.

डिलीट केलं म्हणजे गेलं, असं नसतं

समजा, गटाच्या नोंदवहीची अनुक्रमणिका कुणी फाडून टाकली. आतली पानं गेली का? नाही. फक्त कुठलं पान कुठे आहे ते कळत नाही. लॅपटॉपमध्ये फाईल डिलीट केली, रिसायकल बिनही रिकामा केला, तरी बऱ्याचदा इतकंच होतं. खास सॉफ्टवेअर वापरून ती पानं परत वाचता येतात. म्हणून आपण लॅपटॉप घेताना दुसऱ्याचं सगळं नीट पुसायचं आणि देताना आपलंही.

दुसरं कारण आपल्या सुरक्षेचं. जुन्या लॅपटॉपमध्ये आधीच्या माणसाने काय काय टाकलं होतं ते आपल्याला माहीत नसतं. एखादा लपलेला प्रोग्रॅम आपण टाईप केलेला पासवर्ड बाहेर पाठवत असेल तर गटाच्या खात्याला धोका. पुसून नव्याने विंडोज टाकली की हा धोका बराच कमी होतो.

पैसे देण्याआधी या गोष्टी तपासा

दुकानदारासमोर, लॅपटॉप चालू करून बघायचं. घाई करायची नाही.

१. चालू करताना एफ२ (एचपीमध्ये एफ१०) दाबून बघा. निळी किंवा काळी सेटिंगची पाटी उघडते. तिथेच पासवर्ड मागितला आणि दुकानदाराला तो माहीत नसेल, तर लॅपटॉप घेऊ नका.

२. सेटिंग्जमध्ये 'अ‍ॅक्टिव्हेशन' हे पान उघडा. 'डिजिटल लायसन्स' असं लिहिलेलं असेल तर चांगलं. हे लायसन्स त्या लॅपटॉपलाच जोडलेलं असतं, त्यामुळे तीच विंडोज पुन्हा टाकली की इंटरनेट लागल्यावर ती आपोआप चालू होते, नवे पैसे लागत नाहीत. पण तिथे 'ऑर्गनायझेशन'च्या सेवेनं अ‍ॅक्टिव्हेट केल्याचं लिहिलं असेल, तर विचारा. ती एखाद्या कंपनीची असते, नाहीतर जुगाड करून चालवलेली असते.

३. दुकानदाराला तुमच्यासमोर लॅपटॉप पूर्ण रिसेट करायला सांगा आणि सुरुवातीच्या पानावर वाय-फाय जोडायला लावा. बरेच जुने लॅपटॉप मोठ्या कंपन्यांमधून आलेले असतात. वाय-फाय जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव येऊन तिचाच ई-मेल मागितला, तर तो लॅपटॉप अजून त्या कंपनीच्या ताब्यात आहे असं समजा. पुन्हा पुन्हा पुसला तरी तेच पान येतं. असा लॅपटॉप घ्यायचा नाही.

४. पावती घ्या. तिच्यावर लॅपटॉपचा सिरीयल नंबर हवा, तो खालच्या बाजूला असतो. "पावती कशाला, ओळखीतला आहे" हे ऐकू नका. उद्या लॅपटॉप चोरीचा निघाला तर आपल्या हातात काहीतरी हवं.

५. प्रोसेसरचा आकडा वाचा. इंटेलच्या आय५-६३०० यात रेषेनंतरचा ६ म्हणजे सहावी पिढी. आय५-८२५० म्हणजे आठवी. हे का बघायचं, ते पुढे येतंय.

विंडोज १० की ११?

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे लॅपटॉप बंद पडत नाही, पण नव्या चोरवाटा सापडल्या की त्या बुजवणारे नेहमीचे अपडेट आता येत नाहीत. बँकेचं काम करणाऱ्या लॅपटॉपसाठी हे बरं नाही.

विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ४ जीबीवर ती चालते, पण रखडत. ८ जीबी असेल तर काम सुखाचं होतं. दुकानदार "सहाव्या पिढीवर पण ११ टाकून देतो" म्हणाला, तर ती मायक्रोसॉफ्टच्या नियमाबाहेरची असते हे लक्षात ठेवा.

लॅपटॉप जुनाच असेल तर लिनक्स मिंट हा पर्याय आहे. तो फुकट आहे, कायदेशीर आहे, मराठीतही दिसतो. लिब्रेऑफिस त्यात आधीच असतं, त्यात एक्सेलच्या फाईल उघडतात. ४ जीबी रॅमवर तो नीट चालतो. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतो, आवडला तरच टाकायचा. मात्र टॅली किंवा एखादं खास विंडोजचंच सॉफ्टवेअर लागत असेल, तर आधी विचारून घ्या.

पुसण्याआधी: माझी चूक ऐका

दोन वर्षांपूर्वी एका गटाचा लॅपटॉप फार हळू झाला होता. मी उत्साहात म्हटलं, "द्या, मी साफ करते." कागदपत्रांचं फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतलं आणि सगळं पुसलं. दुसऱ्या दिवशी सचिव ताईंनी विचारलं, "पापडाच्या ऑर्डरीची फाईल कुठाय?" ती डेस्कटॉपवर होती. मी डेस्कटॉप घेतलाच नव्हता. आठ महिन्यांच्या ऑर्डरी गेल्या. कुणाची किती उधारी, कुणाचा ॲडव्हान्स आला, काहीच कळेना. त्या ताई मला एक शब्द बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

शेवटी वाचवलं कुणी? एका आजींच्या वहीनं. त्या लिहायला शिकल्यापासून रोजच्या ऑर्डरी पेन्सिलनं लिहून ठेवायच्या. तीन दुपारी बसून आम्ही वहीवरून फाईल परत उभी केली. म्हणून सांगते, लॅपटॉप आला म्हणून वही बंद करायची नाही. पंचसूत्रीतलं नोंदी अद्ययावत ठेवण्याचं सूत्र वहीलाही लागू आहे आणि लॅपटॉपलाही.

पुसण्याआधी ही यादी एकीनं वाचायची आणि दुसरीनं टिक करायची:

- डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स. व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवलेल्या फाईल बहुतेक डाउनलोड्समध्येच असतात.
- डी ड्राइव्ह, असेल तर. "तिथं काही नसतं" असं कुणी म्हटलं तरी उघडून बघा.
- टॅली किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा. हा वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, विचारून शोधा.
- मराठी फॉन्ट. जुन्या फाईल श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाईप केलेल्या असतील, तर फॉन्ट गेल्यावर मराठीच्या जागी भलतीच अक्षरं दिसतात. घाबरू नका, फाईल बिघडलेली नसते. तो फॉन्ट परत टाकला की मजकूर दिसतो.

कॉपी दोन करा. एक पेन ड्राइव्ह गटाच्या पेटीत, दुसरी प्रत संघाच्या कार्यालयात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेन ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार-पाच फाईल उघडून बघा. उघडत नसेल ती कॉपी नव्हे.

आता पुसायचं कसं?

वीज नक्की असेल असा वेळ निवडा. जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुतेक थकलेली असते, आणि मध्येच वीज गेली तर काम अर्धवट राहून लॅपटॉप चालूच होत नाही. आपल्याकडचं भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसा. चार्जर लावलेलाच ठेवा.

विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, मग अपडेट अँड सिक्युरिटी, मग रिकव्हरी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग रिकव्हरी. तिथे 'रिसेट' दिसेल. दाबल्यावर दोन पर्याय येतात. 'कीप माय फाईल्स' म्हणजे फाईल ठेवा. 'रिमूव्ह एव्हरीथिंग' म्हणजे सगळं काढा. दुसऱ्याचा लॅपटॉप असेल तर सगळं काढायचं.

पुढे विचारतं, 'क्लाउड डाउनलोड' की 'लोकल रिइन्स्टॉल'. लोकलमध्ये लॅपटॉपमधलीच जुनी विंडोज पुन्हा बसते. ती जुगाडाची असेल तर जुगाडच परत बसणार. म्हणून शक्य असेल तर क्लाउड निवडा. त्याला ४ जीबीहून जास्त डेटा लागू शकतो, मोबाईलच्या रोजच्या दीड जीबीत भागत नाही. संघाच्या कार्यालयातलं वाय-फाय वापरा.

सुरू करण्याआधी 'चेंज सेटिंग्ज' उघडून 'क्लीन डेटा' चालू करा. अनुक्रमणिकाच नाही, पानंही पुसण्याचा हा पर्याय. लॅपटॉपमध्ये एकापेक्षा जास्त ड्राइव्ह असतील तर सगळ्या ड्राइव्ह निवडा. याला काही तास लागतात. संध्याकाळी लावू नका, सकाळी लावा. टक्के एका जागी अडकल्यासारखे दिसले तरी बटण दाबून बंद करू नका.

विंडोज उघडतच नसेल, तर ८ जीबी किंवा मोठ्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून विंडोज घेऊन त्यावरून टाकता येते. लॅपटॉप सुरू करताना डेल, लेनोवो, एसरमध्ये साधारण एफ१२, एचपीमध्ये एफ९, असूसमध्ये एस्केप दाबल्यावर पेन ड्राइव्ह निवडता येतो. हे पहिल्यांदा करताना माहीतगार माणूस जवळ असू द्या. तो पेन ड्राइव्ह तयार करताना त्यातलं सगळं पुसलं जातं, तेव्हा कॉपी घेतलेला पेन ड्राइव्ह त्यासाठी वापरू नका!

लॅपटॉप कुणाच्या नावानं चालू करायचा?

नवी विंडोज सुरू होताना ई-मेल मागते. इथे आपण घाई करतो. दुकानदाराचा, भाच्याचा, नाहीतर माझ्यासारख्या समन्वयकाचा ई-मेल टाकून मोकळे होतो. तसं करू नका. काही लॅपटॉपमधली माहिती आपोआप कुलूपबंद होते आणि त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्या ई-मेलच्या खात्यात जाऊन बसते. मी उद्या नोकरी सोडून गेले तर? भाचा पुण्याला गेला तर?

गटाचा स्वतःचा ई-मेल काढा. त्याला दोन पदाधिकाऱ्यांचे मोबाईल नंबर जोडा. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून, चिकटवून पेटीत ठेवा. इतिवृत्तात नोंद करा की पाकीट ठेवलं. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदला, पेटीची किल्ली सोपवतो तसा.

मग भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. मराठी फोनेटिक कीबोर्ड घेतला की इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटतं. यापुढे युनिकोडमध्येच टाईप करा म्हणजे फाईल कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल. वेगळा अँटीव्हायरस विकत घ्यायची घाई नको, विंडोजचा डिफेंडर आतच असतो. अपडेट मात्र चालू ठेवा.

एवढं करूनही खात्यातून पैसे गेल्याचं दिसलं तर लपवू नका, लाजू नका. लगेच १९३० ला फोन लावा आणि बँकेत कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मावशींच्या प्रश्नाचं उत्तर

त्या गटानं लॅपटॉप ठेवून घेतला. पण आधी त्या माणसाचा नंबर दुकानदाराकडून मिळवून त्याला फोन केला, "तुमचे बारशाचे फोटो आमच्याकडे आहेत, हवे का?" त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती. पेन ड्राइव्हवर फोटो देऊन मगच आम्ही सगळं पुसलं. रिसेट सुरू करायचं बटण मावशींनी दाबलं. दाबताना म्हणाल्या, "आपला द्यायच्या दिवशी पण मलाच बोलवा."

गटाचा लॅपटॉप विकताना, बदलताना किंवा दुरुस्तीला टाकून परत न घेताना हेच सगळं करायचं. आपल्या लॅपटॉपमध्ये दहा-बारा बायकांची आधार कार्डं, खाते क्रमांक आणि कर्जाचे आकडे असतात. ते जपणं गटाच्या पैशांइतकंच आपलं काम आहे.

पुढच्या बैठकीत बोलूया

१. आपल्या लॅपटॉपची दुसरी प्रत कुठे आहे? शेवटची कधी घेतली?
२. लॅपटॉप कुणाच्या ई-मेलवर चालू आहे?
३. पासवर्ड किती जणींना माहीत आहे, आणि एकीलाच माहीत असेल तर ती आजारी पडल्यावर काय?
४. आधार कार्डांचे फोटो लॅपटॉपमध्ये खरंच ठेवायला हवेत का? काम झालेले कोणते काढता येतील?

उत्तरं इतिवृत्तात लिहा. पुढच्या महिन्यात मी गटात येईन तेव्हा आधी तेच पान उघडूया.

तुमची,
क्षेत्र समन्वयक