जातीय अपमान आणि मनःशांती

प्रश्न : कामावर जातीवरून मारलेले टोमणे रात्री आठवतात, छाती धडधडते, झोप लागत नाही. हा मनाचा दुबळेपणा आहे का?
— एक वाचक, खापा (जि. नागपूर)

उत्तर : हा दुबळेपणा नव्हे, वारंवारच्या अपमानाने शरीर सतत सावध राहते आणि झोप उडते, हा मानसिक आघाताचा परिणाम असू शकतो. विश्वासातल्या माणसाशी बोलणे, टोमण्यांची तारीख, शब्द व साक्षीदार वहीत टिपणे आणि टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशकाशी बोलणे, हे उपाय आपल्या हाती आहेत. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा अन्य समाजातील व्यक्तीने चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा ठरतो. तक्रार मात्र मनाची तयारी करून, वकिलाच्या सल्ल्याने करावी. जीव नकोसा वाटल्यास एकटे न राहता तातडीने डॉक्टरांना गाठावे. लाज अपमान करणाऱ्याला वाटायला हवी, आपल्याला नव्हे.